छापखानेवाल्यांनी चालवलेला प्रोग्राम

त्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. आमच्या गल्लीत टँकर कधी येणार याचं वेळापत्रक मोबाईलवर यायचं, पण ते कुणालाच वाचता यायचं नाही. टँकरवाल्याचा कारकून जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचा. त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं स्वच्छ दिसायचं. आमच्या फोनवर मात्र इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा नुसता चिवडा.

मी तेव्हा कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते. वडिलांचा लहानसा छापखाना होता, त्यामुळे फॉन्टांचा हा घोळ मला लहानपणापासून माहीत. जुन्या फॉन्टमधला मजकूर कुठल्याही फोनवर वाचता येईल असा बदलणारा एक प्रोग्राम मी लिहिला आणि गल्लीच्या ग्रुपवर वेळापत्रक टाकलं. समोरच्या मावशी गॅलरीतूनच ओरडल्या, "हे तू केलंस व्हय गं? पहिल्यांदा कळालं बघ काय लिहिलंय ते!"

प्रोग्राम मी नेटवर खुला ठेवला. कुणीही घ्यावा, आत काय लिहिलंय ते बघावं, सुधारावं. पण तो अर्धाकच्चा होता. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा, पहिली वेलांटी सरकायची. शिवाय प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट निराळा. नीट करायचं तर नोकरी सोडून कित्येक महिने त्यालाच बसावं लागणार होतं, आणि ते परवडणारं नव्हतं.

वडिलांनी हे कंधारच्या आपल्या दोस्ताला सांगितलं. त्यांचाही छापखाना. मी त्यांना काका म्हणायची. कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी, असे ते एसटीनं लातूरला आले आणि म्हणाले, "माय, माझं जन्मभराचं काम जुन्या फॉन्टात अडकून पडलंय. तू बस कामाला. पगाराचं आम्ही बघतो."

आम्ही म्हणजे कोण, ते पुढच्या रविवारी कळालं. आमच्या छापखान्यात भोकर, उदगीर, नांदेडचे छापखानेवाले जमले. दुष्काळानं लग्नं पुढं ढकललेली, पत्रिकांची छपाई बंद, मशीनवर कापड टाकलेलं. अशा वर्षी पैसे मागायची मला लाज वाटत होती.

उदगीरचे गृहस्थ म्हणाले, "नवा जिल्हा होऊ द्या, मग देतो." लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या लेटरहेडच्या छपाईवर वडिलांचा छापखाना उभा राहिला होता. उदगीरचाही वेगळा जिल्हा होणार, अशी चर्चा कित्येक वर्षं होती; उदगीरकर तशाच दिवसाची वाट बघत होते.

भोकरच्या तरुण छापखानेवाल्यानं सरळ विचारलं, "ताई, तुम्ही हे फुकटच वाटून राहिल्या. मग आम्ही पैसे कशाला द्यायचे?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात काका म्हणाले, "गल्लीनं मिळून बोअर पाडली तर तिला कुलूप लावतोस का रे? दुसऱ्या गल्लीच्या बाईनं घागर भरली तर तुझं पाणी कमी होतंय म्हण. हे तर तसंबी न्हाई. कितीबी जणांनी घेतलं तरी आटत न्हाई."

भोकरकर हसला. "हाव, हे पटलं," म्हणाला. पहिले पैसे त्यानंच दिले. उदगीरकरांनीही जिल्ह्याची वाट न बघता दिले.

मी नोकरी सोडली. दर महिन्याला छापखान्यांकडून ठरलेले पैसे येत, कधी उशिरा, पण येत. सोबत त्यांच्या जुन्या फायलीही येत आणि फोनवर तक्रारीसुद्धा: "'कार्यक्रम'चा रफार गेला की हो ताई!" त्या तक्रारींनीच प्रोग्राम घडला.

काम संपत आलं तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं तो विकत मागितला. रक्कम मोठी होती. अट एकच, नेटवरून काढून टाकायचा, यापुढं फक्त त्यांनी विकायचा. मी कंधारला गेले, काकांना सांगितलं.

"तुझी मेहनत हाय, तू ठरव," ते म्हणाले. "आम्ही दिलेलं परत मागणार न्हाई."

त्यांनी हट्ट धरला असता तर कदाचित मी भांडले असते. त्यांनी माझ्यावर सोडलं, आणि मला त्यांच्या दुकानातलं कापड टाकलेलं मशीन दिसत राहिलं. ते बंद असतानाही त्यांनी दर महिन्याला पैसे पाठवले होते. तिथूनच मी कंपनीला फोन करून नाही म्हणाले. काकांनी दुकानातल्या माणसाला दोन चहा सांगितले.

पुढं बिदरच्या एका शिक्षकानं माझ्या कामावरूनच कानडी फॉन्टांसाठी तसाच प्रोग्राम तयार केला आणि तोही खुला ठेवला. आज कित्येक कचेऱ्यांत, छापखान्यांत आमचं काम वापरतात. कुणी केलं असं विचारलं की मी 'मी' म्हणत नाही. लातूर-नांदेडच्या छापखानेवाल्यांनी केलं, असं ताठ मानेनं सांगते.

काकांचा अभिमान तर माझ्याहून मोठा. त्यांनी स्वतःच्याच मशीनवर नवी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. 'पत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले' याच्या खाली ठळक अक्षरात एक ओळ वाढवली: 'सॉफ्टवेअर निर्माते'. कंधारच्या बसस्टँडवर ओळखीचा माणूस भेटला की आधी ते कार्ड देतात आणि मग तब्येत विचारतात.