पंचगंगा घाटावरचा ब्राझील

सकाळी कॉफी पिताना, ती पिकवणाऱ्या देशांत आज कोण पुढे आहे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? नसणारच. तो अख्ख्या काशीत एकाच माणसाला पडतो, आणि पडला की त्याला बसू देत नाही. तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. भूगोलाचे निवृत्त मास्तर. यांच्याइतका अस्वस्थ माणूस या शहरात दुसरा नाही.

रोज पहाटे आतोबा चहाचे रिकामे मातीचे कुल्हड पिशवीत भरून पंचगंगा घाटावर येत. प्रत्येक कुल्हडावर कोळशाने एका देशाचं नाव. ज्याची कॉफी जास्त बाहेर जाते, तो वरच्या पायरीवर. ब्राझील कायम माथ्यावर, म्हणून त्यांचा नावडता. "याला आता इच्छाच उरली नाही कसली," ते वैतागत. मग कित्येक दशकांची निर्यात एका सकाळीत धावायची. आयव्हरी कोस्ट घसरे, इंडोनेशिया रेंगाळे, आणि तळाशी पडलेला व्हिएतनाम चढत चढत, माझ्या जन्माच्या सुमारास, कोलंबियाला मागे टाकून ब्राझीलच्या खालची पायरी गाठे. देशांबरोबर आतोबाही धोतर सावरत वरखाली धावत. नावाडी ओरडे, "मास्टरजी, अपना इंडिया कहाँ पहुँचा?" "चढ़ रहा है भैया, दम तो लेने दो!" दम लागलेला असे तो त्यांनाच. एवढं करून कॉफीचा घोट मात्र त्यांनी जन्मात घेतला नाही. म्हणत, "अगं, पंचाने खेळाडूंच्या घरचं पिऊ नये."

एका कार्तिकात अंधारातच स्नानाला आलेल्या नांदेडच्या एका बाईंना वाटलं, हे कुल्हड दिव्यांसाठीच मांडलेत. त्यांनी प्रत्येकात तेल-वात घालून सगळे देश पेटवले, माथ्यावरच्याला झेंडूचं फूल वाहिलं आणि डोकं टेकलं. आतोबा धावत आले. "अहो बाई, उठा! तो ब्राझील आहे!"

"असेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडे नाही त्याचं देऊळ."

सगळा घाट हसला. मला हसू येईना. मजुरांच्या चळवळीची पत्रकं वाचून वाढलेली मी, आवाज चढलाच. "आतोबा, कच्चं बी बोटीत चढतं आणि भाजून विकणारे गब्बर होतात. शर्यत कसली ही? ते बी तोडणारी बाई कुठल्या पायरीवर आहे?"

दुसऱ्या दिवशी पाण्याला टेकलेल्या पायरीवर एक बिननावाचा कुल्हड होता. "ही तुझी बाई," ते म्हणाले. "देश चढोत की उतरोत, ही इथेच." गंगा तो कुल्हड नेई आणि ते पुन्हा नवा ठेवत.

आता गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना पायऱ्या बंद केल्यात. घाटाच्या वरच्या गल्लीत, खोलीतल्या खोलीत ते येरझाऱ्या घालतात. ब्राझील-व्हिएतनामचं नावही काढत नाहीत. मी दारात दिसले की एवढंच विचारतात, "ती बसलीय ना गं खाली?" नोकरीमुळे मला रोज घाटावर जाणं होत नाही, आणि त्यांच्याशी खोटं बोलवत नाही.

म्हणून सांगते, काशीत आलात आणि चहा प्यायलात, तर कुल्हड फोडू नका. पंचगंगेला या, पाण्याला टेकलेल्या पायरीवर तो ठेवा. नाव लिहू नका. आणि जाताना वरच्या गल्लीत शिरून मोठ्याने सांगा, "मास्तर, बसलीय ती."