स्क्रफ तेवढा राहू द्या

चकाचकमामांना कोणी त्यांचं खरं नाव विचारलं, तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागे. दाढी उरकली की गिऱ्हाइकाच्या गालावर तुरटी फिरवून ते "चकाचक!" म्हणत, तेच नाव चिकटलं. बत्तीस वर्षं त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून एकाच जागी होतं आणि सलूनच्या मागच्या दारातून थेट स्वयंपाकघरात जाता येई. हात असा हलका, की माणूस वस्तऱ्याखाली घोरू लागे. खोड मात्र एक होती. "मला माहीत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. मामी म्हणायच्या, "यांना उद्या कोणी चंद्रावरचा पत्ता विचारला, तरी हे 'पुढून डावीकडे वळा' म्हणून सांगतील."

एका दुपारी टपाल कचेरीतला कारकून येऊन खुर्चीत बसला. गडी दिवसा शिक्के मारी आणि संध्याकाळी हौसेनं नाटकात कामं करी. पाच दिवस त्यानं गालाला वस्तरा लावलेला नव्हता.

"मामा, सगळं नेहमीसारखं. स्क्रफ तेवढा राहू द्या," असं म्हणून त्यानं डोळे मिटले. तालमींनी बिचारा थकला होता.

मामांचा ब्रश हवेतच थांबला. स्क्रफ? विचारावं तर बाकावर दोन गिऱ्हाइकं कान टवकारून बसलेली.

"हां हां, कळलं," मामा म्हणाले. "जरा गरम पाणी घेऊन येतो."

स्वयंपाकघरात पाणी ठेवून त्यांनी सूनबाईंचा जाडजूड शब्दकोश काढला. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मामांनी आधी 'एस के'मध्ये शोधलं, मग 'एस सी'मध्ये. सापडला एकदाचा! 'मानगूट, मानेची मागची बाजू.' पान उलटल्यावर अजूनही काही लिहिलं होतं, पण तोवर पाणी उकळलं.

फॅशनपुढे शहाणपण चालत नाही, असं मनाशी म्हणत मामांनी डोक्यावरचे केस नेहमीसारखे कापले, मानेवरची लव जिवापाड जपली आणि गाल मात्र आरशासारखे केले.

"चकाचक!"

कारकुनानं डोळे उघडले. आधी आरशात पाहिलं, मग गालावर हात फिरवला आणि मग जी किंकाळी फोडली, ती ऐकून मामी झारा घेऊन धावत आल्या.

"मामा, केसानं गळा कापलात! आज संध्याकाळी माझा प्रयोग आहे. तीन आठवडे निर्जन बेटावर अडकलेला खलाशी आहे मी!"

"असेल बेटावर एखादा न्हावी," बाकावरचा एक जण म्हणाला.

"मी मानगूट नीट राखलंय की," मामा चाचरत म्हणाले.

"मानगूट घेऊन काय करू? प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहू?"

तेवढ्यात सूनबाई शाळेतून आल्या. सगळा प्रकार ऐकून त्यांनी आधी पदरानं तोंड झाकलं आणि हसू आवरल्यावर समजावलं, "बाबा, बोलण्यातला स्क्रफ म्हणजे दोनचार दिवसांची खुरटी दाढी. दाढी म्हणावी इतकी नाही आणि नाही म्हणावं तर दिसतेच. मित्राला 'तुझा स्क्रफ छान दिसतो' म्हटलं तर तो खूश होतो. पण साहेबाला 'स्क्रफी' म्हटलंत, तर तुम्ही त्याला गबाळा म्हणालात."

"आणि मानगूट?"

"तेही बरोबर आहे. शब्द एक, मुक्काम दोन. पण बाबा, तुम्ही यांनाच का नाही विचारलंत?"

मामा हातातल्या ब्रशकडे बघत राहिले.

"मला माहीत नव्हतं," ते हळूच म्हणाले. "आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

म्हणून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. छत जागेवर होतं. कारकुनाचाही राग निम्म्यानं उतरला होता.

मग मामा कामाला लागले. जमिनीवरचे त्याचेच केस वेचले, कात्रीनं तिळाएवढे बारीक केले आणि नाटकमंडळीकडून मागवलेल्या डिंकानं गालावर ब्रशनं टिपून टिपून बसवले. दोन तास लागले, पण स्क्रफ असा उतरला की मामींनी खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, "जेवलास का रे?"

प्रयोगाला मामा डिंकाची बाटली घेऊन पडद्याआड उभे होते. शेवटच्या अंकापर्यंत सारं सुरळीत चाललं. मग खलाशी घरी परतला. म्हातारी आई धावली, तिनं लेकाला कवटाळलं, प्रेक्षकांनी रुमाल काढले. आई बाजूला झाली, तेव्हा लेकाचा डावा गाल गुळगुळीत होता आणि आईच्या डाव्या गालावर पाच दिवसांची दाढी होती.

सभागृहात हशा फुटला. मामांनी डोळे घट्ट मिटले. पण आईचं काम करणारी बाई मोठी हुशार. गालावर हात ठेवून ती म्हणाली, "बाळा, तुझे हाल मीही भोगलेत रे!" टाळ्या थांबेनात. पुढचे तीनही प्रयोग भरगच्च गेले आणि त्या तिन्ही वेळी दाढी मुद्दाम कच्च्या डिंकानं लावायचं काम मामांकडेच होतं.

तेव्हापासून मामांची भीड जी चेपली, ती नको तितकी. आता ते विचारल्याशिवाय कात्रीच उचलत नाहीत. परवा एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसून "मध्यम कापा" म्हणाले.

मामांनी कात्री खाली ठेवली आणि बाक ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मध्यम म्हणजे," त्यांनी उत्सुकतेनं विचारलं, "तुमच्या मते नक्की काय हो?"