ऑटोवाल्या मामांची गोळी

माझ्या पोरीला शाळंत नेणारे ऑटोवाले मामा एका जागी बसतच न्हाईत. किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला, फोन ऑटोच्या डब्यात बंद, अन् लेकरं नावं घेऊन दोनदा मोजतात. आज त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं अन् मी त्यावरचं नाव वाचलं. अभ्यासात ध्यान लागावं म्हणून लातूरच्या डॉक्टरनं माझ्या पोरीला दिलेली तीच गोळी! असल्या माणसाच्या हाती लेकरं? मी पोरीला मागं ओढलं.

"वहिनी, नाश्ता अन् गोळी झाल्याबिगर मी किल्लीच लावत न्हाई," मामा म्हणाले.

पोरगी खुशीत ओरडली, "मामा, माझी बी हीच हाय!"

लेकरं सोडायला आलेल्या बाजूच्या आया तिच्याकडं बघायल्या, जसं मी आत्ता मामांकडं बघितलं होतं, तसंच. मी तिला ऑटोत बसवलं, मामांच्या अगदी जवळ.