उकंडाची चढाई

बोरी अरबच्या कबड्डी संघाचे दोन कोपरे पक्के होते. एका कोपऱ्यात तांड्यावरचा नेमसिंग, दुसऱ्यात बौद्ध वस्तीतला उकंडा. समोरचा गडी दम घुमवत आत शिरला की हे दोघे वाकून त्याच्या पायांकडे बघत उभे राहायचे, आणि घोटा एकदा हातात आला की सुटका नाही. उकंडाला ही पकड लहानपणीच मिळालेली. बैलांना नाल ठोकताना पाय दाबून धरायचं काम बापानं त्याच्याकडे दिलं होतं. ज्यानं बैलाची लाथ सोसली त्याला माणसाच्या लाथेचं काय?

पकडीत दोघांपैकी सरस कोण, यावर कोणी बोलत नसे. वाद असायचा चढाईचा. ज्या गोष्टीत दोघेही कच्चे, नेमका तिच्यावर घसा कोरडा करावा, हे बोरीच्या लोकांनाच शोभावं. नेमसिंग चढाईला गेला की त्याच्या अंगातला पकडवाला जागा व्हायचा. शिवून पळत यायचं सोडून हा समोरच्याचाच पाय धरून बसायचा आणि बाकीचे सगळे याच्या उरावर. उकंडाचं उलट. तो क्वचितच जायचा, पण गेला तसा धडधाकट परत यायचा.

"नेमसिंगची चढाई म्हंजे बाजारात बैल सुटला," संघाचा कप्तान पंजाबराव चहाच्या टपरीवर म्हणायचा. "उकंडाची पाहा. आजवर कोणाच्या हाती लागला काय?"

उकंडा मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा. विनय कसला डोंबलाचा! छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले, पण आजूबाजूच्या गावांतल्या गड्यांचे हात काही बदलले नव्हते. उकंडा आत आला की ते अंग चोरून मागे सरत. त्याचा हात लागला तरी "लागलाच नाही" म्हणून पंचाशी भांडत. गुणही वाचे आणि घरी जाऊन आंघोळही टळे. तो त्यांच्या गड्याला पकडायचा तेव्हा त्यांचा इलाज नसे. पण त्याला पकडायचं तर आपण होऊन हात लावावा लागणार. तो कोण लावतो?

पंजाबराव माणूस वाईट नव्हता. त्याला हे दिसलंच नव्हतं, कारण दिसायची त्याला कधी गरज पडली नव्हती. आणि सांगायची उकंडाला लाज वाटे. आपल्याला चढाई येते की नाही, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. कोणीतरी एकदा खरोखर धरायला यावं, ही एकच इच्छा तो पोटात घेऊन हिंडत होता.

साठ सालच्या हिवाळ्यात आर्णीला अंतिम सामना झाला. समोर आर्णीचाच संघ. गुण बरोबरीत, शेवटची चढाई बोरीची, आणि बोरीचे मैदानात उरलेले हे दोघेच. बाद होऊन बाहेर बसलेला पंजाबराव ओरडला, "उकंडा, तू जाय! तू सापडत नाही!"

उकंडानं नेमसिंगकडे पाहिलं. "तू जातं काय?"

"मी गेलो त कोणाचा तरी पाय धरून बसीन, भिया. तूच जाय."

खरं सांगून टाकावं असं उकंडाला फार वाटलं. पण पंच घाई करत होता आणि सगळं मैदान बघत होतं. तो दम घुमवत रेषेपलीकडे गेला.

आर्णीचे गडी मागे सरले नाहीत. त्यांच्या कोपऱ्यातला लखीराम नावाचा दांडगा गडी वाकून त्याच्या पायांकडेच बघत होता. उकंडानं हात लांब केला, आणि तो कोणाला लागायच्या आतच त्याचा घोटा गेला. मग मांडीला मिठी पडली, कंबरेला पडली, पाठीवर आणखी दोघे कोसळले. तोंडात माती गेली. कोणाचा तरी घामेजलेला गाल त्याच्या गालावर दाबला गेला होता, त्याला तंबाखूचा वास येत होता. तो धडपडला, जीव तोडून धडपडला, पण रेष हातभर लांब राहिली आणि दम तुटला.

शिट्टी झाली. आर्णी जिंकली. लखीरामनं त्याला हाताला धरून उठवलं, पाठीवरची माती झटकली.

"लागलं त नाही ना, गड्या?"

तेवढ्यात पंजाबराव तणतणत आला. "तू त कधीच सापडत नव्हता! आजच काय झालं?"

"मले कोणी धरतच नव्हतं, भाऊ," उकंडा म्हणाला. "आज धरलं."

परतीच्या एसटीत पंजाबराव पुढच्या बाकावर एकटाच जाऊन बसला.

"म्हंजे चढाई तुलेबी येत नाही," नेमसिंग हळूच म्हणाला.

"नाहीच येत," उकंडा म्हणाला, आणि दोघे खो खो हसत सुटले.

घरी आई, मथुराबाई, अंगणात तूर पाखडत होती. लंगडत आलेला मुलगा पाहून ती म्हणाली, "जिंकले काय रे?"

"हारलो, माय."

"मंग हासून काहून राह्यला?"

"त्यायनं मले धरलं, माय. सगळ्यायनं."

मथुराबाईनं सूप खाली ठेवलं. जन्मभर विहिरीपासून लांब उभं राहून, दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी घेतलेली बाई ती. तिनं त्याचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि रडत रडत चोळू लागली.