पुना निकमांचा अहवाल आणि तोताराम सर

तोताराम सरांना संगणकातलं काही कळत नाही, हे आमच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली.

१९९० साली जळगावच्या आमच्या खाजगी माती तपासणी केंद्रात संगणक आला आणि पाठोपाठ पुण्याचं तीन महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन सर आले. भर उन्हाळ्यात टाय. आम्हाला खोलीबाहेर चपला काढायला लावायचे आणि स्वतः बुटासकट आत जायचे. काम सगळं नसीम करायची. ती एका शिंप्याची मुलगी, टायपिंग शिकलेली.

मातीचा अहवाल शेतकऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावानं साठवायचा, हा सरांचा नियम. धरणगावकडचे पुना रामा निकम म्हणजे पीआरएन. पुढच्या वर्षी ते जुना अहवाल मागायला आले.

"मांगला सालना कागद कोठे शे, भाऊ?"

डिस्कवर तो नव्हता. नसीमनं सांगितलं, "सर, यांचा अहवाल साठवायला गेलं की प्रिंटर आपोआप सुरू होतो. कागद निघतो, फाइल राहत नाही."

"संगणक चुकत नाही. हात चुकतात," सर म्हणाले, आणि शेतकऱ्यासमोरच तिला निष्काळजीपणाचा मेमो दिला. तिनं फक्त कपाटातलं संगणकाचं पुस्तक मागून घेतलं. त्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तज्ज्ञाचं पुस्तक!

चौथ्या दिवशी तिनं मला बोलावलं. "दादा, कोणती फाइल उघडी आहे याची एक यादी सिस्टिम मेमरीत ठेवते. पण प्रिंटर, कीबोर्ड, पडदा यांनाही ती फाइलीसारखंच वागवते. आपण नाव दिलं की आधी यंत्रांच्या नावांच्या यादीत बघते, मग डिस्कवर. पीआरएन हे प्रिंटरचं नाव. निकमभाऊंचा अहवाल आपण दर वेळी प्रिंटरलाच देत होतो."

तिनं सरांसमोर ते करून दाखवलं. नाव दिलं, प्रिंटर खडखडला. सरांनी टाय नीट केला. "मला माहीत होतं. तुला कधी कळतं, ते बघत होतो."

"मग मेमो?" नसीमनं विचारलं.

"तो शिस्तीसाठी."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली: संगणकाला न चालणारी नावं असलेल्या शेतकऱ्यांनी नाव बदलून नोंद करावी. नवी माती घेऊन आलेल्या निकमांना ती वाचून दाखवली, तर ते शांतपणे म्हणाले, "हाई नाव मना बापनी ठेयेल शे," आणि मातीची पिशवी टेबलावर ठेवून बसून राहिले. नसीमनं आद्याक्षरांपुढे एकचा आकडा जोडला. अहवाल साठवला गेला. एवढं सरांना सुचलं नव्हतं.

मेमो कुणी मागे घेतला नाही. जूनमध्ये तिला धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि ती गेली. त्याच पावसाळ्यात चोपड्याला सरांचं व्याख्यान झालं. संगणकाची ही गुप्त यादी आपण कशी शोधून काढली, ते त्यांनी पाऊण तास सांगितलं, तेही चुकीचं. मी तिसऱ्या रांगेत होतो. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.