ऊनपेटी आणि कमिटीची पंगत

नामपल्ली स्टेशनावर उतरलो, तर हमालाने माझी पेटी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "चाचा, इसमें पत्थर भरे क्या?"

"हौ, पत्थरच आहेत," मी म्हटलं. तो हसला. लातुरात तीन वर्षं लोक हसतायत, मग हैदराबादनेच काय घोडं मारलंय?

पेटीत खरंच दगड होते. सकाळी काचेखाली ते उन्हात तापवायचे, त्यांच्यावर पातेलं ठेवायचं आणि वरून कापसाची गादी दाबून पेटी गच्च बंद करायची. आत अन्न आपोआप शिजतं. गॅस नको, वीज नको. मी तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेला माणूस, म्हणून याला 'सौर-औष्णिक साठवण' म्हणतो. बायको सरळ 'ऊनपेटी' म्हणते. ऊर्जेतल्या नव्या कल्पनांना अनुदान देणारी एक सरकारी योजना आहे, तिच्या कमिटीने मला चाचणीला बोलावलं होतं. अनुदान मिळालं तर पेट्या बनवायची माझी शेड टिकणार, नाहीतर शेडमालक तिथे सिमेंटची पोती रचणार. अनुदानाचा निकाल लागेपर्यंतच तो थांबला होता.

नारायणगुड्याला मावसभाऊ दिनकरचं घर. वाटेत रिक्षा अशी काही आपटली की पेटीची काच तडकली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दिनकरची बायको शारदावहिनी पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादी मराठी. दारातच म्हणाल्या, "परेशान नका होऊ भावजी. पहिले चाय प्या, मग सुलतान बाजारात जाऊन या."

साड्यांच्या आणि पुस्तकांच्या गर्दीतून वाट काढत मी एका फ्रेमवाल्याकडे पोचलो. त्याने विचारलं, "फोटो किसका है?"

"फोटो नाही. काचेखाली दगड तापवून खिचडी शिजवायचीय."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "कैसे कैसे लोगां आते," असं शेजाऱ्याला सांगत सांगतच काच मात्र बेतशीर कापून दिली.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी भिजवलेले मसूर-तांदूळ, मसाला आणि वर खट्टा (चिंच-तिळाचं आंबट, पातळ तोंडीलावणं) डब्यात भरून दिला. पापडही दिले.

"वहिनी, चाचणी आहे, पंगत नव्हे."

"हौ, मालूम आहे. पण खिचडी खट्ट्याबिगर कुणाला द्यायची नसते."

कमिटीची इमारत सगळी काचेची. ऊर्जा वाचवण्याचा विचार करायला आत इतकं गार करून ठेवलेलं की मी मफलर आणला नाही याचं वाईट वाटलं. सूर्य फक्त गच्चीवर होता, आणि गच्चीत जायची परवानगी तीन टेबलं फिरून आली. दगड तापले. अकरा वाजता सगळ्यांसमोर पातेलं आत ठेवलं, अध्यक्षसाहेबांनी स्वतः लाखेचं सील मारलं. पेटी सभागृहात टेबलावर ठेवली. चार वाजता उघडून, तापमान मोजून, खिचडी शिजली की नाही ते बघायचं असं ठरलं.

जेवणाची बिर्याणी मात्र कुणाच्या तरी ताफ्यासाठी अडवलेल्या रस्त्यात अडकली. दीड वाजला, अडीच वाजले. नव्या इंधनांवरची चर्चा मंदावत गेली. पेटीच्या फटीतून मसुराचा घमघमाट सुटला, आणि एकेकाची मान तिकडे वळू लागली.

"सील मेरा ही है ना?" अध्यक्षसाहेब म्हणाले. "खाली देख लेते," म्हणजे नुसतं बघून घेऊ. आणि त्यांनी सील फोडलं.

वाफ अशी आली की सचिवांचा चष्मा धुरकटला. दाणा न्‌ दाणा शिजलेला! माझा ऊर भरून आला. इथेच मी माती खाल्ली. आपल्याकडे कुणी पातेल्यात डोकावलं की तोंडातून 'घ्या ना थोडी' निघतंच. निघालं. वर म्हणालो, "खट्टा पण आहे."

कमिटी तुटून पडली. सचिवांनी दोनदा घेतली. अध्यक्षसाहेबांनी पापड मोडत माझी पाठ थोपटली, "वा भई वा! देश को यही चाहिए." मी तेवढ्यात मनातल्या मनात शेडला रंगसुद्धा देऊन टाकला.

चार वाजता सगळे गंभीर चेहऱ्याने परत बसले. सचिवांनी पेटी उघडली, आत थर्मामीटर धरला आणि मोठ्याने सांगत लिहून घेतलं, "सील तुटलेले. पेटीत अन्न आढळले नाही. सबब चाचणी होऊ शकली नाही."

"अहो, तुम्हीच तर दोनदा घेतलीत!"

"बहुत अच्छी थी," ते मनापासून म्हणाले. "मगर वो लंच था. टेस्ट चार बजे का था. अगले साल फिर आइये."

अध्यक्षसाहेब खिडकीबाहेर बघत होते. मला राग आला, आणि खरं सांगतो, रडूही आलं. घरी गेल्यावर वहिनींनी आधी विचारलं, सगळे पोटभर जेवले का? जेवले, म्हटलं. मग पातेलं रिकामं बघून त्या इतक्या खूश झाल्या की पुढचं मला सांगवेना.

पेटी घेऊन लातूरला परतलो. अशा योजना नव्या कल्पना पचवतात असं ऐकलं होतं, ते खोटं नाही. घरात शिरताच बायकोला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "शेडची किल्ली दे, मालकाला नेऊन देतो."

तिने किल्ली कमरेला खोचली. "मालकाला मी बघते. त्याच्या बायकोला पेटी पाहिजेच आहे. आणि पुढच्या वर्षी तुम्ही खिचडी नेऊ नका."

"मग काय नेऊ?"

"कारली," ती म्हणाली. "चारपर्यंत कोणी हात लावणार नाही."