मुरबाडच्या गिरणीतलं माझं वर्ष

वसतिगृहातल्या मित्रांनो, हे पत्र जेवणघरात लावा, म्हणजे सगळे वाचतील.

शेतकी कॉलेजने मला वर्षभर काम शिकायला इथल्या भातगिरणीत पाठवलं. मालक पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी आमच्या लेकीला इंग्रजी शिकवा. गिरणी कुठं पळून जातेय?" वर्षभर मी तेवढंच केलं.

लढाईमुळे पेट्रोल नाही, तरी आपले प्राध्यापक आज कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने तपासणीला आले. मूठभर भात माझ्या हातात देऊन म्हणाले, "भरडायला तयार आहे का?"

मी ते नाकाशी नेऊन हुंगलं.

भात वाळवणाऱ्या सोनूबाईंनी एक दाणा दाताखाली धरून कट्कन मोडला. "झालंय तयार." मग हळूच मला म्हणाल्या, "मास्तर, इचारलं असतं तं पयल्याच दिशी दावलं असतं."

मालक मात्र म्हणाले, "आमी सगळं शिकवलं, साहेब. पोराचं लक्षच नाय." आणि गिरणीच्या कारकुनाने माझ्याबद्दल लिहिलेला इंग्रजी अहवाल त्यांनी लेकीला मोठ्याने वाचायला दिला.

मी आळशी आहे, असं त्यात होतं. तिने ते एकदाही न अडखळता वाचलं. उच्चार सगळे मी शिकवलेले.

आता तुम्हीच सांगा, माझं वर्ष वाया गेलं म्हणायचं का?